हो, अजून अंगावर पाजते!

"अगं बाई, अजून पितेय ही? एवढी घोडी झाली की!" एका बारशात हे तीन वेळा ऐकलं आणि अजून माझं डोकं भणभणतंय. लेक अडीच वर्षांची आहे. वरणभात, भाकरी, अंडं सगळं खाते. झोपताना आणि दुखलं-खुपलं की पिते. यात कुणाच्या बापाचं काय जातं?

ती पंधरा दिवसांची होती तेव्हा याच बायका उशाशी बसून "दूध पुरत नसणार, म्हणून रडतेय, डबा सुरू कर" म्हणत माझा जीव खात होत्या. तेव्हा कमी पडत होतं, आता जास्त होतंय. मधे एकही दिवस कुणी "बरं करतेयस" म्हणालं नाही. माझ्या जावेनं सहाव्या महिन्यात बंद केलं, तर तिलाही याच तोंडांनी "फिगरची काळजी दिसतेय" म्हणून रडवलं. म्हणजे बाईनं काहीही केलं तरी ही माणसं बोलणारच!

आणि ते एक वाक्य, "आता त्यात काही सत्त्व नसतं, नुसतं पाणी." एका डॉक्टरांनीसुद्धा तोंडावर हेच सांगितलं. साफ खोटं आहे हे. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध आणि मग वरच्या खाण्याबरोबर २ वर्षं आणि त्यापुढेही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसऱ्या वर्षातसुद्धा बाळाला लागणाऱ्या ऊर्जेतला तिसरा हिस्सा आईच्या दुधातून मिळू शकतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०२२ मध्ये २ वर्षं आणि पुढे पाजणाऱ्या आयांना पाठिंबा दिला. जितका जास्त काळ पाजावं तितका आईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. हे त्या डॉक्टरांना माहीत असायला नको?

शेजारचा चार वर्षांचा मुलगा बाटलीनं म्हशीचं दूध पितो, त्याचं सगळ्यांना कौतुक. म्हशीचं चालतं, आईचं चालत नाही!

उपाय तर विचारूच नका. कडुनिंबाचा पाला वाटून लाव, कोरफड लाव, चार दिवस तिला आजीकडे ठेव, रडून रडून विसरेल. अरे, जिच्या कुशीत ती शांत होते तिथेच कडू लावून तिला फसवू? का, तर पाहुण्यांना बघवत नाही म्हणून?

खरं दुखणं तेच आहे. "चारचौघांत बरं दिसत नाही." ओढणी घेऊन कोपऱ्यात बसलेय, तरी ज्याला वळून वळून बघायचंय त्याला कुणी काही बोलत नाही. बोलणी मला.

ज्या हिरकणीनं आपल्या तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरला, तिचं नाव आपण एसटी स्टँडवरच्या खोल्यांना दिलं. गेल्या महिन्यात अशाच एका हिरकणी कक्षाला कुलूप होतं. चावी मागितली तर तिथला माणूस लेकीकडे बघून म्हणाला, "तान्हं बाळ कुठंय? ही तर चालतेय." पोर भुकेनं, झोपेनं किंचाळतंय आणि हा तिचं वय मोजतोय! शेवटी फलाटावरच पाजलं, तर समोरच्या बाकावरच्या बाईनं तोंड फिरवलं.

माझ्या आजीनं धाकट्या काकाला तो शाळेत जाईपर्यंत पाजलंय. गावात तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. त्याच आजीच्या सुना आज मला शहाणपण शिकवतात, आणि नवऱ्याला मात्र कुणी एक अक्षर विचारत नाही.

कधी थांबायचं ते लेक आणि मी ठरवू. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलाचं लग्न आहे. तिथे ती मागेल तेव्हा, जागा मिळेल तिथे बसून पाजणार आहे. ज्याला बघवत नसेल त्यानं खुशाल जेवणाच्या पंगतीत जाऊन बसावं.