झोपलेल्या माणसाला विचारणार कोण?

रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांमध्ये गेले काही महिने एक फॉरवर्ड फिरतोय. मला एकट्याला तो चौघांनी पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: रस्ता सार्वजनिक आहे, म्हणून रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचा फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही. चेहरा दिसत नसेल तर प्रश्नच मिटला. असे फोटो बघूनच लोकांना पाझर फुटतो, शहराचं खरं रूप कळतं. आणि विचारत बसलात तर क्षण निघून जातो.

मी बरीच वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडतोय आणि यातली निम्मी वाक्यं कधी ना कधी मीही कुणाच्या तरी तोंडावर फेकलेली आहेत. म्हणून हे उत्तर.

आधी ‘परवानगी लागत नाही’ हे बघू. हा मजकूर लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा न्यूयॉर्कचा निकाल असावा. छायाचित्रकार फिलिप-लोर्का डिकोर्सिया यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये वर फ्लॅश बांधून ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले. त्यातल्या एका गृहस्थांनी दावा लावला. २००६ साली न्यायालयाने तो फेटाळला, कारण ती कला ठरली. पण जग न्यूयॉर्कपाशी संपत नाही. माँट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो न विचारता एका कलाविषयक मासिकात छापला गेला. तो फोटो बदनामीकारक मुळीच नव्हता. तरी १९९८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला मिळालेली २,००० डॉलरची भरपाई कायम केली. जर्मनीत तर १९०७ पासून माणसाची छबी प्रसिद्ध करायला सर्वसाधारणपणे त्याची संमती लागते. (त्या कायद्यामागेही फोटोच होता. १८९८ मध्ये दोन छायाचित्रकार रात्री जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क याच्या खोलीत घुसले आणि त्यांनी त्याच्या मृतदेहाचा फोटो काढला.) २०१५ मध्ये जर्मनीच्या दंडसंहितेत आणखी भर पडली. एखाद्याच्या असहायतेचं प्रदर्शन मांडणारा आणि त्याच्या अगदी खाजगी आयुष्यावर घाला घालणारा फोटो न विचारता काढणं, हाच तिथे गुन्हा झाला.

कायद्याचं एवढं पुरे. खरी मेख ‘सार्वजनिक’ या शब्दात आहे. मी चौकात उभा असतो तेव्हा कॅमेऱ्यांची, नजरांची थोडी झळ सोसतो, कारण संध्याकाळी घरी जाऊन दार लावता येतं. ज्याचं अंथरूणच पुलाखाली आहे त्याचं दात घासणं, कपडे बदलणं, तापाने फणफणणं, भांडण, झोप, सगळं चारचौघांतच. त्याने दार कुठे लावायचं? सार्वजनिक जागेचा नियम घर असलेल्यांनी एकमेकांसाठी केलेला आहे. तो त्याच्यावर लादताना निदान थोडं अवघडल्यासारखं तरी वाटावं.

आता चेहरा. हा मुद्दा मला एका माणसाने शिकवला. पहाटेची वेळ होती. पुलाखाली एक जण कुशीवर झोपला होता. डोक्याखाली बूट, त्यांवर स्वेटरची घडी, आणि दोन्ही बुटांच्या नाड्या मनगटाला गुंडाळून गाठ मारलेल्या. झोपेत कुणी बूट ओढले तर जाग यावी म्हणून. ती गाठ बघून मी हरखलो. २८ एमएमची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स होती, म्हणजे जवळ जाणं आलंच. चेहरा अंधारात राहील असं बघितलं आणि सहा फ्रेम काढल्या. सहाव्या आवाजाला तो जागा झाला.

“दाखव,” म्हणाला.

मी स्क्रीन पुढे केली. त्याने बराच वेळ निरखून बघितलं. चेहऱ्याबद्दल चकार शब्द नाही. मग मागच्या खांबावर बोट ठेवलं. “हा नंबर दिसतोय.” खांबावर पांढऱ्या रंगात क्रमांक होता. माझ्या लेखी ती मागची एक रेघ. त्याच्या लेखी तो पत्ता होता. कोरडी, वारा न लागणारी ती जागा त्याला महत्प्रयासाने सापडली होती. ती चार जणांना कळली की एक तर दुसरं कुणी बळकावणार, नाही तर हुसकावणारे येणार.

तेव्हा चेहरा झाकला की माणूस झाकला जात नाही. पांघरूण, सोबतचा कुत्रा, पिशव्या बांधायची पद्धत, फाइलमध्ये आपोआप नोंदलं गेलेलं ठिकाण, यातलं काहीही ओळख पटवायला पुरतं. मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाई असेल तर तिला शोधणारा तिचं पांघरूण ओळखतोच.

‘फोटो बघून लोकांना पाझर फुटतो.’ फुटत असेल, पण आपोआप नाही. लासाना हॅरिस आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये काही विद्यार्थ्यांना निरनिराळ्या समाजगटांतल्या लोकांचे फोटो दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. दुसऱ्या माणसाचा माणूस म्हणून विचार करताना मेंदूचा जो भाग सहसा जागा होतो, तो बेघरांचे आणि व्यसनींचे फोटो बघताना तितका जागा झाला नाही. प्रयोग लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण पुढच्या प्रयोगातली गोष्ट मला फार आवडते. या माणसाला अमुक एक भाजी आवडत असेल का, एवढाच प्रश्न विचारला, तर तो भाग पुन्हा जागा झाला. म्हणजे नुसतं बघून भागलं नाही, त्याच्या आवडीनिवडीचा विचार करावा लागला. आपल्या काळ्यापांढऱ्या, सुरकुत्यांवर कॉन्ट्रास्ट चढवलेल्या फोटोत त्या भाजीला जागा कुठे असते?

यावर हमखास एकोणिसाव्या शतकातले वार्ताहर-छायाचित्रकार जेकब रीस यांचं नाव पुढे येतं, आणि ते उदाहरण वजनदार आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मॅग्नेशियमची पूड पेटवून त्यांनी न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या खोल्या उजेडात आणल्या. १८९६ मध्ये पोलीस ठाण्यांतल्या बेघरांसाठीच्या गलिच्छ खोल्या बंद झाल्या त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण रीस उमेदवारीच्या दिवसांत स्वतः तसल्या खोलीत रात्र काढून आलेले होते. वर्षानुवर्षं ते वार्ताहर म्हणून त्या वस्त्यांत वावरले, लिहीत राहिले, व्याख्यानं देत फिरले, पोलीस आयुक्त थिओडोर रूझवेल्टना रात्री-अपरात्री बरोबर घेऊन हिंडले. एवढ्या सगळ्यातला एक तुकडा म्हणजे फोटो. रविवारी सकाळी दोन तास फोटोवॉक करून आलेल्याने रीस यांच्या नावावर उधारी करू नये.

छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मजुरांच्या तळावर, मुलांना घेऊन तंबूत बसलेल्या आईचा फोटो काढला. तो वर्तमानपत्रात आल्यावर तळावर सुमारे २०,००० पौंड अन्न पोचलं. तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती. जगाला तिचं नाव कळायला १९७८ उजाडलं: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तिची तक्रार साधी होती. माझं नाव विचारलं नाही, प्रत पाठवते म्हणाली ती पाठवली नाही, आणि मला त्यातून एक पैसा मिळाला नाही. पाझर फुटला होता, पण तिच्यापर्यंत पोचला नाही.

‘खरं रूप’ हा मुद्दा दोन ओळींचा आहे. युरोपात बेघरपणाची जी ‘एथॉस’ वर्गवारी वापरतात तिच्यात चार मोठे गट आहेत: छप्परच नाही, छप्पर आहे पण घर नाही, घर आहे पण कधीही सुटेल असं, आणि राहण्यालायक नसलेलं घर. आपला कॅमेरा फार तर पहिल्याला गाठतो. मित्राच्या सोफ्यावर रात्री काढून सकाळी इस्त्रीच्या शर्टात कामावर जाणारा तुमच्या फ्रेममधून रोज चालत जातो, कुणी शटर दाबत नाही.

राहिला क्षण. विचारलं की तो जातो, हे खरं आहे. एक क्षण जातो. छायाचित्रकार मेरी एलेन मार्क यांनी १९८३ मध्ये सिअ‍ॅटलच्या रस्त्यांवर ‘टायनी’ नावाच्या १३ वर्षांच्या मुलीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्या तिच्याकडे परत परत जात राहिल्या. त्या कामावरही आक्षेप घेता येतील, पण क्षणांची कमतरता होती असं कुणी म्हणणार नाही.

पुलाखालच्या माणसासमोर मी त्या सहाही फ्रेम पुसल्या. गाठीची फ्रेम पुसताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. तो बूट घालत होता. नाड्या बांधून झाल्यावर म्हणाला, “फोटो काढायचाच असेल तर ओळखपत्राचा काढ. त्यावाचून अर्ज अडलाय.”

मागे साधी पांढरी भिंत हवी होती. ती शोधत आम्ही तीन गल्ल्या फिरलो. एका बंद दुकानाच्या बाजूची भिंत सापडली. त्याने केस ओले करून बोटांनी मागे वळवले, स्वेटर काढून खांद्यावर टाकला, मग पुन्हा घातला. मी मोजून एकच फ्रेम घेतली आणि त्याला दाखवली.

“कान दिसले पाहिजेत,” तो म्हणाला. “परत काढ.”