बारा गुण आणि बाबांचा मोबाइल

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तेच पेटलं. गाण्याच्या कुठल्याशा स्पर्धेतून एक चांगला गाणारा मुलगा बाहेर पडला होता. नाशिकच्या मामाने फर्मान काढलं, ‘लोकांची मतं बंद करा, परीक्षकांनाच ठरवू द्या.’ त्यावर धडाधड अंगठे. आमच्याकडे हा वाद 2009 पासूनचा आहे. ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली, आणि आर्या आंबेकरच्या बाजूची आमची आई दोन दिवस ‘एसएमएसवर कुठे गाणं ठरतं का’ म्हणत घरभर फिरत होती.

मामाला मी इथून, स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून, काय सांगू? त्याला हवं तसं झालं की काय होतं, ते मी इथे पाहिलंय.

मे महिन्यात युरोव्हिजन असते. 1956 पासून चालत आलेली ही मुख्यतः युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो. अंतिम फेरीत प्रत्येक देशाचे परीक्षक दहा गाण्यांना गुण देतात, सर्वांत आवडत्याला 12. मग त्या देशातले प्रेक्षक फोनवरून तसेच गुण पुन्हा देतात. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. (हा नियम आपल्याकडे आला तर गावोगावचे फ्लेक्सवाले उपाशी मरतील.)

2023 साली लिव्हरपूलला फिनलंडचा कॅरिया हिरव्यागार फुगीर बाह्या घालून ‘चा चा चा’ ओरडत आला. स्वीडनची लॉरीन 2012 मध्ये एकदा जिंकलेली, आवाज तयारीचा. प्रेक्षकांनी कॅरियाला 376 गुण दिले, लॉरीनला 243. एकाही देशाच्या प्रेक्षकांचे 12 तिला मिळाले नाहीत. पण परीक्षकांचे 340 तिच्याकडे आणि त्याच्याकडे फक्त 150. बेरीज 583 विरुद्ध 526. परीक्षकांचे गुण जाहीर होत असताना सभागृह ‘चा चा चा’च्या घोषणा देत होतं. माझ्या टेबलाशेजारी बसणारा फिनिश सहकारी सोमवारी ऑफिसात आला तो एकच वाक्य घेऊन: परीक्षक काढून टाका. म्हणजे आमच्या मामाच्या बरोबर उलट.

दोन वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलला प्रेक्षकांच्या मतांत इस्रायल पहिला आला, 297 गुणांनी. परीक्षकांमुळे ऑस्ट्रियाचा जेजे जिंकला. एकाच माणसाला वीस वेळा मत देता येत होतं, त्यात मतं मागणाऱ्या इस्रायलच्या सरकारी जाहिराती, त्यामुळे बऱ्याच वाहिन्यांनी मतांचा हिशेब मागितला. माझा सहकारी तेव्हा म्हणाला, ‘बरं झालं, परीक्षक आहेत.’ मी त्याला 2023ची आठवण करून दिली नाही. शेजार टिकवायचा असतो. पुढे आयोजकांनी वीसची मर्यादा दहावर आणली आणि उपांत्य फेरीतही परीक्षक परत आणले.

मला विचाराल तर माझं मत परीक्षकांच्या बाजूने पडतं, पण एका अटीवर. इथे निकालानंतर कोणत्या देशाच्या परीक्षकांनी कोणाला किती दिले, प्रेक्षकांनी किती, सगळं छापून येतं. परीक्षकांची नावंसुद्धा. 2022 मध्ये एका उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांच्या मतांत संशयास्पद साम्य आढळलं आणि त्यांचे गुण बाद केले. मामा म्हणतो तसे परीक्षक नेमायचेच असतील, तर आधी त्यांची वही उघडी ठेवा. ज्या कार्यक्रमांवरून आम्ही घरी भांडलो, त्यांची अशी फोड मला तरी कधी वाचायला मिळाली नाही.

आणि ‘आपला माणूस’ हे प्रकरणही इथे सरळ नाही. 2025 मध्ये स्वीडनने पाठवलेलं ‘काय’ (KAJ) नावाचं त्रिकूट फिनलंडचं, तिथल्या स्वीडिश बोलणाऱ्या भागातलं. तंजावरच्या मराठी मंडळींनी त्यांच्या जुन्या बोलीत गावं आणि आपण त्यांना महाराष्ट्रातर्फे पाठवावं, तसं. गाणं सौनाबद्दल, म्हणजे वाफेच्या खोलीत घाम गाळण्याबद्दल. चौथे आले. दोन्ही देश त्यांना आपलेच म्हणत होते.

लिव्हरपूलची ती रात्र. निकाल लागला तेव्हा भारतात पहाटेचे चार वाजून गेले होते. सकाळी आईचा फोन आला.

‘‘कोण जिंकलं गं?’’

‘‘स्वीडन.’’

‘‘म्हणजे तुमचंच की! तू दिलंस मत?’’

स्वीडनमधून स्वीडनला देता येत नाही, हे तिला समजावलं. मग कोणाला दिलंस, म्हणाली. फिनलंडला, तीन वेळा. ती हसायला लागली. 2009 मध्ये बाबांच्या मोबाइलवरून तिने किती एसएमएस केले होते, हे तिने अजून बाबांना सांगितलेलं नाही.