घरं रिकामी करून शहर आखणारा माणूस

अल्बर्ट श्पेअरबद्दल एक गोष्ट व्हिडिओंमधून, लेखांमधून आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या गप्पांमधूनही फिरत असते. ती साधारण अशी: श्पेअर हा हिटलरचा वास्तुविशारद. राजकारणाशी त्याला देणंघेणं नव्हतं, मोठी कामं मिळाली म्हणून तो ओढला गेला. ज्यूंच्या संहाराची त्याला कल्पना नव्हती. मंत्री झाल्यावर त्याने शस्त्रोत्पादनाचा चमत्कार करून दाखवला. आणि युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्युरेंबर्गच्या खटल्यात जबाबदारी मान्य केली, म्हणून तो ‘चांगला नाझी’.

मी नकाशे काढून पोट भरतो. त्यामुळे यातला पहिला दावाच मला सगळ्यात जास्त बोचतो. तिथूनच सुरुवात करतो.

‘राजकारणाशी देणंघेणं नव्हतं.’ श्पेअर १ मार्च १९३१ रोजी नाझी पक्षाचा सदस्य झाला, क्रमांक ४,७४,४८१. हिटलर सत्तेवर यायला अजून जवळजवळ दोन वर्षं होती. श्पेअर तेव्हा बर्लिनमध्ये हाइनरिख टेसेनो या नामवंत प्राध्यापकाचा सहायक होता. पक्षाच्या हाती ना सरकार होतं, ना सरकारी तिजोरी. म्हणजे कामाच्या मोहाने गेला, हे इथेच कोसळतं.

पण सदस्यत्वापेक्षा त्याचं काम पाहा. ३० जानेवारी १९३७ रोजी हिटलरने त्याला राजधानीच्या पुनर्रचनेचा प्रमुख नेमलं. थेट हिटलरला जबाबदार. बर्लिनची महापालिका त्याला अडवू शकत नव्हती. भलामोठा उत्तर-दक्षिण राजमार्ग, त्याच्या टोकाला जवळजवळ २९० मीटर उंचीचं घुमटाकार सभागृह, अशी योजना. आता कागदावर रेघ ओढणं सोपं असतं, पण त्या रेघेखाली माणसं राहत असतात. हजारो घरं पाडायची तर त्यातल्या लोकांना ठेवायचं कुठे? बर्लिनमध्ये आधीच घरांची टंचाई होती. श्पेअरच्या कार्यालयाने सप्टेंबर १९३८ मधल्या एका बैठकीत उत्तर काढलं: ज्यू भाडेकरूंकडून सुमारे अडीच हजार मोठे फ्लॅट सक्तीने खाली करून घ्यायचे. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंवर हल्ले झाले, त्या कुप्रसिद्ध दंगलीच्या दोन महिने आधीची ही बैठक आहे. सिनेगॉग जळायच्या आधीच वास्तुविशारदाच्या टेबलावर लोकांच्या घरांचा हिशेब मांडला गेला होता.

पुढे त्याच्या कार्यालयात पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग झाला. ज्यूंच्या घरांची नोंद ठेवायची, कोणतं कधी रिकामं होणार ते ठरवायचं, आणि तिथे कोण राहायला जाणार तेही. श्पेअरचं या कामावर बारीक लक्ष होतं. नोव्हेंबर १९४० मध्ये हिटलरच्या डोंगरावरच्या मुक्कामातून, ओबरझाल्ट्सबर्गहून, त्याने विभागप्रमुखाला विचारणा केली की ज्यूंची एक हजार घरं रिकामी करण्याची मोहीम कुठवर आली. साइटवर स्लॅब कधी पडणार हे आपण ज्या सुरात विचारतो, तोच हा सूर आहे. १८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनच्या ज्यूंना घेऊन पहिली गाडी ग्रुनेवाल्ड स्थानकातून पोलंडमधल्या वूच शहरातल्या ज्यूंच्या बंदिस्त वस्तीकडे सुटली. श्पेअरच्या कार्यालयाच्या दैनंदिन नोंदवहीत त्याच तारखेपासून २ नोव्हेंबरपर्यंतचा हिशेब आहे: साधारण साडेचार हजार ज्यू हलवले, त्यामुळे आणखी एक हजार घरं मोकळी झाली. एकूण २३ हजारांहून अधिक घरं या विभागाने हाताळली.

घरांसारखीच गोष्ट दगडाची. एवढ्या ग्रॅनाइटची गरज पडणार म्हणून एसएसने, म्हणजे छळछावण्या चालवणाऱ्या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेने, १९३८ मध्ये स्वतःची दगड-विटांची कंपनी काढली आणि श्पेअरच्या कार्यालयाने तिला मालापोटी लाखो मार्क आगाऊ दिले. फ्लॉसेनबुर्ग आणि माउटहाउसेनच्या छळछावण्या ग्रॅनाइटच्या खाणींना लागून का उभ्या राहिल्या, याचं उत्तर इथे सापडतं. माउटहाउसेनच्या खाणीतून वर यायला १८६ पायऱ्या आहेत. कैदी त्या पाठीवर दगड घेऊन चढत.

ती भव्य राजधानी काही झाली नाही. टेम्पेलहोफजवळ काँक्रीटचा एक प्रचंड दंडगोल मात्र अजून उभा आहे, १२,६५० टनांचा. बर्लिनची वाळूमिश्रित जमीन नियोजित विजयकमानीचं ओझं पेलेल का, हे पाहायला १९४१-४२ मध्ये तो बांधला. त्यावर फ्रेंच युद्धकैदीही राबले. तो जमिनीत अठरा-एकोणीस सेंटीमीटर खचला. त्या काळी मोठी कामं कशी होत, कोणाच्या श्रमावर होत, ते या एका ठोकळ्यात दिसतं.

‘त्याला कल्पना नव्हती.’ फेब्रुवारी १९४२ मध्ये आधीचा शस्त्रास्त्रमंत्री फ्रिट्झ टोट विमान अपघातात गेला आणि श्पेअर शस्त्रास्त्रमंत्री झाला. त्याच सप्टेंबरमध्ये एसएसमध्ये छावण्यांचा कारभार पाहणारा ओस्वाल्ड पोल त्याला भेटला, आणि आउशवित्स छावणी वाढवण्यासाठी लागणाऱ्या १ कोटी ३७ लाख मार्कांच्या बांधकामाला श्पेअरने मंजुरी दिली. मार्च १९४३ मध्ये तो स्वतः माउटहाउसेन पाहून आला आणि नंतर एसएसचा प्रमुख हिमलर याला तक्रारीचं पत्र लिहिलं. तक्रार कैद्यांच्या हालांबद्दल नव्हती. युद्धकाळात छावणीचं बांधकाम फार उधळपट्टीने चाललंय, अशी होती. डिसेंबरमध्ये तो मिटेलबाउ-डोराच्या बोगद्यांत गेला. तिथे कैदी जमिनीखाली रॉकेटं बनवत आणि तिथेच झोपत. त्या छावणीत आणलेल्या सुमारे ६० हजारांपैकी २० हजारांच्या आसपास माणसं मेली. भेटीनंतर आठवड्याभरात श्पेअरने तिथल्या एसएस प्रमुखाला कामाची वाखाणणी करणारं पत्र पाठवलं.

सगळ्यात मोठा वाद पोझेनचा, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या पोझनान शहराचा. ६ ऑक्टोबर १९४३ रोजी तिथे हिमलरने पक्षाच्या पुढाऱ्यांसमोर ज्यूंच्या, बायकामुलांसकट सगळ्यांच्या, संहाराबद्दल उघड भाषण केलं. बोलताना त्याने श्पेअरला नाव घेऊन संबोधलं. श्पेअर पुढे सांगत राहिला की आपण भाषणाआधीच निघालो होतो. पण २३ डिसेंबर १९७१ रोजी त्यानेच एका बेल्जियन प्रतिकारनेत्याच्या विधवेला लिहिलं की सगळे ज्यू मारले जातील असं हिमलरने जाहीर केलं तेव्हा मी तिथे हजर होतो, यात शंका नाही. हे पत्र २००७ मध्ये उजेडात आलं. जगासमोर एक आणि खासगी पत्रात दुसरं.

चमत्काराबद्दल थोडक्यातच बोलतो. उत्पादन वाढलं, हे खरं. पण १९४२ मधल्या वाढीचा पाया टोट आणि हवाई दलाचा एरहार्ड मिल्श यांनी आधीच घातला होता, आणि मोठे कारखाने तेव्हाच सुरू होत होते. आकडेवारीचा डौल हा श्पेअरच्या प्रचाराचा भाग होता. युद्धाच्या शेवटी जर्मनीत ऐंशी लाखांच्या आसपास परदेशी मजूर आणि युद्धकैदी राबत होते, त्यातले बहुतेक सक्तीने. मजूर पुरवणाऱ्या झाउकेलला १९४६ मध्ये फाशी झाली. ते मजूर मागणाऱ्या श्पेअरला वीस वर्षं.

आता ‘कबुली’. मार्च १९४५ मध्ये हिटलरने देशातले कारखाने आणि पूल उद्ध्वस्त करण्याचा हुकूम दिला, तो श्पेअरने बऱ्याच ठिकाणी हाणून पाडला. हे त्याच्या बाजूने जातं आणि ते नाकारायचं कारण नाही. पण न्युरेंबर्गला त्याने मान्य केली ती सरसकट, सामूहिक जबाबदारी. ठरावीक कृत्य, ठरावीक तारीख, ठरावीक सही आली की ‘मला माहीत नव्हतं’. १९६६ मध्ये तो स्पांडाउच्या तुरुंगातून सुटला, १९६९ मध्ये त्याच्या आठवणींचं पुस्तक आलं, आणि तीच मांडणी जगभर विकली गेली.

त्या पुस्तकाच्या सुमारासच श्पेअरने कार्यालयाची ती जुनी नोंदवही सरकारी अभिलेखागाराला दिली. ती प्रत साफ केलेली होती. ज्यूंच्या घरांबद्दलच्या नोंदी त्याचा जुना सहकारी रुडोल्फ वोल्टर्स याने १९६४ मध्ये वगळल्या होत्या. मूळ प्रत आपल्याजवळ आहे हे वोल्टर्सने कळवलं, तेव्हा श्पेअरने जानेवारी १९७० मध्ये सुचवलं की ती पानं आता अस्तित्वातच नाहीत असं धरावं. पुढे दोघांचं बिनसलं, आणि वोल्टर्सने ती एका तरुण इतिहाससंशोधकाला दाखवली. ती पानं आज कोब्लेन्झच्या अभिलेखागारात आहेत, ऑक्टोबर १९४१च्या त्या नोंदीसकट.