फॉलिक ॲसिडची गोळी चिठ्ठीवर येते तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो

टेस्टमध्ये दोन रेघा दिसल्या की डॉक्टरांची अपॉइंटमेंट, आणि चिठ्ठीवर पहिली गोळी फॉलिक ॲसिडची. हा क्रम आपल्याकडे इतका रुळलाय, की ही 'गरोदरपणात घ्यायची गोळी' अशीच सगळ्यांची समजूत आहे. माझं म्हणणं असं, की ही मुळात दिवस राहण्याच्या आधीची गोळी आहे. तिचं सगळ्यात मोठं काम ज्या दिवसांत होतं, ते दिवस चिठ्ठी हातात पडेपर्यंत सरलेले असतात.

कॅलेंडर घेऊनच बघू. समजा पाळी १ जानेवारीला आली, चक्र २८ दिवसांचं. गर्भधारणा साधारण १५ तारखेला. पुढची पाळी २९ला यायला हवी, ती आली नाही. चार-सहा दिवस 'होतं कधीकधी मागेपुढे' यात जातात. ५ फेब्रुवारीला टेस्ट. मग घरी कुणाला आत्ता सांगायचं, कुणाला तीन महिन्यांनी, यावर खल. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत १२ नाहीतर १५ फेब्रुवारी.

आता तेवढ्याच दिवसांत आत काय झालं ते बघा. जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती न्यूरल ट्यूब सुरुवातीला नळी नसतेच, सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि करंजीची कड दाबून बंद करावी तशा मिटत जातात. गर्भधारणेपासून २८ दिवसांत, म्हणजे आपल्या उदाहरणात १२ फेब्रुवारीच्या सुमारास, हे काम संपतं. वरचं टोक उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदू नीट तयारच होत नाहीत, ते बाळ वाचत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर स्पायना बायफिडा: पाठीवर फुगा, पायांत ताकद कमी, लघवी-शौचावर ताबा नाही, बऱ्याच बाळांच्या डोक्यात पाणी साठतं. उघडी राहिलेली नळी नंतर कितीही गोळ्या खाल्ल्या तरी मिटत नाही.

शिवाय गोळी सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी शरीर तयार झालं, असंही नाही. फोलेट (फॉलिक ॲसिड हे याच जीवनसत्त्वाचं गोळीतलं रूप) रक्तातल्या तांबड्या पेशीत भरलं जातं ते ती पेशी तयार होताना, आणि ती जगते सुमारे १२० दिवस. त्यामुळे रोज ४०० मायक्रोग्रॅम घेऊन साठा हव्या त्या पातळीला यायला दोन-तीन महिने लागतात. 'किमान एक महिना आधी, जमलं तर तीन महिने आधी' हा सल्ला या हिशोबातून आलाय. आणि ती पुढे गरोदरपणाचे १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवायची.

याला भक्कम पुरावा आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची सात देशांतली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. आधीच्या बाळात न्यूरल ट्यूबचा दोष होता अशा स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम दिलं, तेव्हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या चाचणीने दाखवलं, की ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळीने पहिल्यांदा होणारे दोषही टळतात. सगळे नाही टळत, काहींमागची कारणं वेगळी असतात. पण इतक्या स्वस्तात इतकं मोठं दुखणं टाळणाऱ्या गोष्टी वैद्यकात फार नाहीत.

आता डोसकडे येऊ, कारण खरा घोळ इथे आहे.

ज्यांना विशेष धोका नाही त्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. पण मेडिकलमध्ये जाऊन नुसतं 'फॉलिक ॲसिड द्या' म्हटलं की काउंटरवर बहुधा येते ती पिवळसर ५ मिलिग्रॅमची गोळी. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, हव्या त्या डोसच्या साडेबारा पट. तिचे चार तुकडे केले तरी प्रत्येक तुकडा १२५० मायक्रोग्रॅमचा होतो, आणि तुकडे सारखे पडत नाहीत ते वेगळंच. स्ट्रिपवर 'मिग्रॅ' आहे की 'मायक्रोग्रॅम', हे एवढं एक वाचायची सवय लागली तरी पुष्कळ झालं. खासगीत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांतही बरेचदा १.५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. म्हणजे वेगळी गोळी, लोहाची गोळी आणि वर मल्टिव्हिटॅमिन असं तिन्ही चालू असेल, तर बेरीज कुठे गेली याचा कुणालाच पत्ता नसतो. तिन्ही स्ट्रिपा समोर ठेवून ती बेरीज एकदा कराच.

'पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जास्तीचं लघवीवाटे जातं, काय बिघडतं?' हे मी फार ऐकलंय, डॉक्टरांच्या तोंडूनही. इतर कुठे हे वाक्य एकवेळ चाललं असतं, महाराष्ट्रात चालत नाही. कारण आहे बी१२.

फोलेट आणि बी१२ एकाच यंत्राची दोन चाकं आहेत. बी१२ नसलं की शरीरातलं फोलेट एका विशिष्ट रूपात अडकून पडतं, वापरता येत नाही, आणि रक्त बनणं बिघडतं. अशा वेळी बाहेरून भरपूर फॉलिक ॲसिड दिलं की रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, हिमोग्लोबिन वर येतं, सगळे खूश. पण बी१२च्या कमतरतेने नसांचं होणारं नुकसान आतून चालूच राहतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा. रक्तातली खूण पुसली गेल्यामुळे निदानच लांबतं. मोठ्यांसाठी फॉलिक ॲसिडची वरची मर्यादा रोज १००० मायक्रोग्रॅम ठरवली गेली ती मुख्यतः याच भीतीने.

आणि बी१२ची कमतरता हे आपल्या घराघरातलं दुखणं आहे. बी१२ मिळतं प्राणिज पदार्थांतून: दूध, दही, अंडी, मासे, मटण. चहात घालतो तेवढ्या दुधाने ते भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी१२ कमी होतं. ज्या आयांचं फोलेट भरपूर आणि बी१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची (पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी) प्रवृत्ती सगळ्यात जास्त दिसली. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे 'गोळीनेच झालं' असं म्हणता येत नाही. पण बी१२ न बघता सरसकट ५ मिलिग्रॅम लिहिणाऱ्यांनी थबकावं एवढं बळ त्यात नक्की आहे. शिवाय बी१२ कमी असणं हा न्यूरल ट्यूबच्या दोषासाठीही वेगळा धोका मानला जातो.

म्हणून क्रम असा ठेवा. चान्स घ्यायचं ठरलं की गोळी सुरू करण्याआधी बी१२, हिमोग्लोबिन आणि त्याच सुईत थायरॉईड व साखर. बी१२ कमी निघालं तर डॉक्टरांकडून आधी त्याची भरपाई सुरू करायची आणि सोबत ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गर्भनिरोधक गोळ्या किंवा तांबी चालू असेल तर ती थांबवायच्या दोन-तीन महिने आधीच ही सुरुवात झालेली बरी.

मग ५ मिलिग्रॅमची गोळी कुणासाठी? जिच्या आधीच्या बाळात असा दोष होता. जिला स्वतःला किंवा नवऱ्याला हा दोष आहे, किंवा जवळच्या नात्यात आहे. जिला फिटची औषधं चालू आहेत, मधुमेह आहे, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे. इथे मोठा डोस डॉक्टरांनी लिहून दिलेला असतो आणि तो घ्यायलाच हवा. माझं वरचं सगळं वाचून तो कमी करू नका. मात्र हा मोठा डोस मल्टिव्हिटॅमिनच्या चार-पाच गोळ्या एकदम खाऊन गाठायचा नसतो, कारण त्यांतलं 'अ' जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात असलं तर जादा होऊन गर्भाला इजा करू शकतं.

दोन औषधांबद्दल वेगळं सांगायलाच हवं. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर न्यूरल ट्यूबच्या दोषाचा धोका बराच वाढतो, आणि मोठ्या डोसच्या फॉलिक ॲसिडने तो पूर्ण निघून जात नाही. गोळी मनाने बंद करायची नाही, फिट येणं त्याहून घातक. दिवस राहण्याच्या कितीतरी आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन औषध बदलता येतं का ते बघायचं. दुसरं मेथोट्रेक्सेट, संधिवात आणि सोरायसिसमध्ये आठवड्यातून एकदा देतात ते. ते फोलेटच्या कामातच खीळ घालतं. त्याच्यासोबत दिलेली ५ मिलिग्रॅमची गोळी दुष्परिणाम कमी करायला असते. 'फॉलिक ॲसिड तर चालूच आहे की' म्हणून त्यावर दिवस राहू देणं धोक्याचं आहे. मेथोट्रेक्सेट आधी थांबवावं लागतं, किती आधी ते तुमचे डॉक्टर सांगतील.

सरकारी व्यवस्थेत ही गोळी आहे, पण वेळ चुकते. 'ॲनिमिया मुक्त भारत'मध्ये गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची लाल गोळी मिळते. रक्तासाठी ती हवीच. न्यूरल ट्यूबसाठी तिचा काही उपयोग नाही, ती नळी तोवर केव्हाच मिटलेली असते. गरोदर नसताना आठवड्यातून एकदा तीच गोळी, म्हणजे रोजचे जेमतेम ७० मायक्रोग्रॅम. दिवस राहण्याआधी आणि पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम, हेही त्याच कार्यक्रमाच्या कागदावर आहे. पण गरोदर म्हणून नाव नोंदवलं जातं तेच दिवस गेल्यावर. कुटुंबनियोजनासाठी आशाताईंकडे पात्र जोडप्यांची यादी आधीच असते. त्याच यादीवरून नवविवाहितांना ४००ची स्ट्रिप का देता येऊ नये? नवीन काहीच उभारावं लागत नाही.

'रेशनच्या तांदळात घालतात ना?' घातलं तरी किती? एक किलो पोषणयुक्त तांदळात ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. पाव किलो तांदूळ खाल्ला तरी २५च्या आसपास. अमेरिकेत १९९८ पासून पिठात सक्तीने घालतात ते १०० ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम. या तांदळावर विसंबून राहू नका.

आहाराचं म्हणाल तर चवळी, हरभरा, राजमा, मूग, पालक हे सगळं खा. पण फोलेट पाण्यात उतरतं आणि उष्णतेने मोडतं. पालक भरपूर पाण्यात उकळला की त्यातलं साधारण निम्मं जातं, आणि ते पाणी आपण सिंकमध्ये ओततो. वाफवा, किंवा पाणी आमटीत घाला. तरीही ताटातलं फोलेट गोळीतल्याइतकं अंगी लागत नाही, त्यामुळे नियोजनाच्या काळात 'मी पालेभाज्या खाते' हे गोळीला उत्तर नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा फॉलिक ॲसिड वेगळं काढलं तेव्हा त्यासाठी टनांनी पालक लागला होता! त्याच्याही आधीचा धागा मात्र आपल्या मुंबईचा. १९२८ पासून ल्यूसी विल्स नावाच्या ब्रिटिश संशोधक इथल्या गिरणी कामगार गरोदर बायकांच्या ॲनिमियाचा शोध घेत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातला तो अनाम घटक म्हणजे फोलेट.

महागड्या 'ॲक्टिव्ह' मिथाइलफोलेटचं (शरीराला थेट वापरता येणाऱ्या तयार फोलेटचं) सध्या पेव फुटलंय. 'तुमच्या जीनमध्ये दोष आहे, साधं फॉलिक ॲसिड लागू पडणार नाही' असं सांगून विकतात. त्या जीनचं सगळ्यात कमजोर रूप असलेल्यांतही रक्तातली फोलेटची पातळी इतरांपेक्षा साधारण १६ टक्क्यांनीच कमी भरते, आणि न्यूरल ट्यूबचे दोष टळतात हे सिद्ध झालंय ते साध्या फॉलिक ॲसिडवर. पुरुषांना झिंकसोबत ५ मिलिग्रॅम देण्याची पद्धतही अशीच. २३७० जोडप्यांवरच्या चाचणीत (२०२०) वीर्याचा दर्जाही सुधारला नाही आणि मुलं होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. नवऱ्याने तंबाखू सोडली तर जास्त बरं.

घेण्याची रीत साधी आहे. रोज ठरावीक वेळी, जेवणाआधी की नंतर याने फारसं बिघडत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी एकच घ्या, दोन नकोत. मळमळ, बद्धकोष्ठ, काळी शी हे लोहाचं काम, फॉलिक ॲसिडचं नाही. चहा आणि कॅल्शियमची गोळी लोहापासून लांब ठेवायची असते. आणि या गोळ्यांनी बाळ काळं होतं म्हणतात, तसं काही नाही.

आता ज्यांना सातव्या-आठव्या आठवड्यात कळलं आणि ज्यांनी एकही गोळी घेतलेली नाही, त्यांच्यासाठी. घाबरू नका. गोळी न घेतलेल्या बहुसंख्य बायकांची बाळंही या बाबतीत धडधाकट असतात. राहिलेलं भरून काढायला मोठा डोस घेऊन उपयोग नाही. ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा, रक्त बनायला आणि गर्भाच्या वाढीला ते लागतंच. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की आधी घेतलं नव्हतं. ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीत कवटी बनलेली दिसते, तिथे मोठा दोष बहुधा कळतो. त्या 'एनटी स्कॅन'मधलं एनटी म्हणजे न्यूरल ट्यूब नव्हे, मानेमागच्या पाण्याची जाडी. त्यामुळे एनटी नॉर्मल आला म्हणजे मणका तपासून झाला असं समजू नका. मणका नीट बघतात तो १८ ते २० आठवड्यांच्या ॲनोमली स्कॅनमध्ये. ती तारीख आजच घेऊन ठेवा.