काका, पेंडिंग दाखवतंय

घरमालक म्हणजे झोपाळ्यावर बसून पानाला चुना लावणारा सुखी प्राणी, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी पाच तारखेच्या रात्री माझ्या जेवणाच्या टेबलाशी यावं. पुण्यातल्या एका वन बीएचकेचा मी मालक. भाडं २२,०००, डिपॉझिट ६६,०००. टेबलावर चष्मा, रेघांची वही आणि फोन. फोनमध्ये भाडेकरूचा स्क्रीनशॉट, खाली निरोप: ‘काका, पाठवलेत. पेंडिंग दाखवतंय.’

पूर्वी भाडं एक तर यायचं, नाही तर यायचं नाही. यूपीआयमुळे ते आता निघालेलं असतं आणि पोचलेलं नसतं. मनमाडच्या आउटरला गाडी उभी राहावी तसं. होतं असं की त्याच्या बँकेने पैसे कापले आणि माझ्या बँकेने वेळेत ‘मिळाले’ म्हणून कळवलं नाही. जमा न झालेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जायला हवेत. नाही गेले तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ती मिळते भाडेकरूला. मालकाच्या पित्ताला कोणत्याही परिपत्रकात जागा नाही.

अशा वेळी भाडेकरूला एकच सांगायचं: बाबा रे, उद्यापर्यंत पुन्हा पाठवू नकोस. पण मुलं सज्जन असतात, लाजेने लगेच दुसऱ्यांदा पाठवतात. मग पहाटे पहिलेही पोचतात आणि खात्यात ४४,००० दिसतात. अशा वेळी हुरळायचं नाही, घाईने परतही करायचं नाही. आधी बँकेचं स्टेटमेंट उघडून १२ आकडी व्यवहार क्रमांक दोन वेगवेगळे आहेत ना, ते बघायचं. स्क्रीनशॉटवर विसंबू नये. तो एडिट करणारं अ‍ॅप आठवीतल्या पोरालाही वापरता येतं. दोन्ही खरे असतील तर एक पुढच्या महिन्याचं धरलं, असं लेखी कळवावं. त्याला परतच हवे असतील तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. ‘काका, माझ्या मित्राच्या नंबरवर टाका ना’ याला नकार. उद्या वाद झाला तर तुमच्या स्टेटमेंटवर एक अनोळखी मित्र उरतो आणि त्याच्या स्टेटमेंटवर तुम्ही डबल भाडं खाल्लेलं दिसतं.

‘नवीन फोन घेतलाय, जास्त रक्कम जात नाहीये’ ही सबब ऐकून माझं रक्त उसळतं, पण ती खरी असू शकते. नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की निदान पहिले २४ तास ५,००० चीच मर्यादा असते. भाड्याला पैसे नसताना नवा फोन कसा आला, हे विचारायची मात्र कोणत्याच अ‍ॅपमध्ये सोय नाही.

चेकवाले भाडेकरू आता दुर्मीळ. चेक परत आला तर बँकेचा मेमो जपून ठेवायचा, कारण ३० दिवसांची मुदत तो मिळाल्यापासून धावते. तेवढ्यात लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस. तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात चेक न वटल्याच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार. हे पाठ करून मालक वकिलाकडे जातो, वकील फी सांगतो आणि मालक भाडेकरूला फोन करून म्हणतो, ‘जेवलास का?’

पण येणाऱ्या पैशांचा ताप हा नुसता सराव. खरी परीक्षा डिपॉझिट परत करताना. मुलगा १७ तारखेला घर सोडतो. १७ दिवसांचं भाडं किती? महिन्याचे ३० दिवस धरले तर १२,४६७, ३१ धरले तर १२,०६५. या ४०२ रुपयांवरून सुशिक्षित माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात. लीव्ह अँड लायसन्सच्या करारातच ‘भागिले तीस’ लिहून टाकावं. अकरा महिन्यांचा असला तरी तो करार नोंदवावाच लागतो, तर त्या नोंदणीचा एवढा तरी फायदा घ्या.

मग वीज. महावितरणचं बिल महिनाअखेरीला येत नाही, ते आपल्या तब्येतीने मध्येच येतं. सोडण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढायचा, दोघांच्याही फोनमध्ये ठेवायचा आणि त्यातून शेवटच्या बिलावरचं चालू रीडिंग वजा करायचं. त्या युनिटना सरसकट दर लावू नये. १०० युनिटपर्यंत एक दर, पुढे ३०० पर्यंत त्याहून चढा. त्याचे ९० आणि नंतर तुमच्या रंगाऱ्याने दिवसरात्र पंखा लावून जाळलेले ४० मिळून बिल वरच्या टप्प्यात गेलं, तर तो भार मुलावर टाकणं हे पाप आहे. (रंगाऱ्यावर टाकणं शक्य नाही.) भिंत मळली तर ती वापराने, तिचे पैसे कापू नयेत. टीव्हीसाठी आठ भोकं पाडून नऊ इंचांवर पुन्हा आठ पाडली असतील तर कापावेत, पण गवंड्याची पावती दाखवून.

पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी त्याचं खातं नेट बँकिंगमध्ये जोडून ठेवा. नव्या खात्यावर बऱ्याच बँका सुरुवातीचे काही तास रकमेला बूच मारतात. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, अकरा अक्षरांचा, आणि पाचवं नेहमी शून्य. निम्मी जनता तिथे इंग्रजी ‘ओ’ लिहिते. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर, नावावर नव्हे. म्हणून आधी एक रुपया पाठवावा. ‘आला’ असा निरोप आला की मग उरलेले.

हे सगळं बिनचूक केलं तरी एक प्रश्न राहतो, तो म्हणजे मुळात ते ६६,००० आहेत कुठे? ते स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांमध्ये आहेत, गीझरमध्ये आहेत, थोडे धाकटीच्या फीमध्ये आहेत. प्रत्येक मालकाप्रमाणे मीही जुन्याचं डिपॉझिट नव्याच्या डिपॉझिटमधून देतो. जुना मुलगा बॅगा घेऊन जिन्यात उभा आहे, रिक्षा खाली थांबली आहे, आणि नव्याचा आत्ताच मेसेज आलाय.

‘काका, पाठवलेत. पेंडिंग दाखवतंय.’