‘हजार कोटींची जिल्हा परिषद’ आणि रिकाम्या शाळा: फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की गावोगावच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा सारांश असा: जिल्हा परिषदेकडे दरवर्षी हजार-बाराशे कोटी येतात. अर्थ समितीने मनावर घेतलं तर वर्षभरात प्रत्येक शाळेला शिक्षक आणि प्रत्येक आरोग्य केंद्राला डॉक्टर मिळेल. पण सदस्य तो पैसा आपापल्या गटात (मतदारसंघात) वाटून घेतात, भरती मुद्दाम अडवतात, उरलेला पैसा 31 मार्चला सरकारला परत करतात आणि वर ‘शिलकी अर्थसंकल्प’ मांडतात.

यामागचा राग रास्त आहे. एकाच शिक्षकावर चार वर्ग चालतात तेव्हा पालकांनी गप्प बसावं असं कोणीच म्हणणार नाही. पण हा संदेश वाचून लोक प्रश्न घेऊन जातात ते चुकीच्या टेबलाशी. तिथे उत्तर मिळत नाही, आणि ज्याने उत्तर द्यायचं तो नामानिराळा राहतो. म्हणून एकेक दावा तपासू.

‘दरवर्षी हजार कोटी हातात असतात.’

जिल्हा परिषदेच्या खात्यांतून एवढा पैसा जाऊ शकतो, हे खरं. पण त्यातला बहुतांश ठरलेल्या कामासाठी आलेला असतो. सर्वांत मोठा वाटा पगाराचा. प्राथमिक शिक्षक, आरोग्य सेविका, ग्रामपंचायत अधिकारी यांचं वेतन राज्य सरकारच्या अनुदानातून येतं. शिक्षकांची वेतन देयकं शालार्थ या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून निघतात, आणि त्या रकमेतला एक रुपयाही अर्थ समिती दुसरीकडे वळवू शकत नाही. त्यानंतर हस्तांतरित योजना (सरकारने जिल्हा परिषदेकडे सोपवलेल्या) आणि अभिकरण योजना (सरकारच्या वतीने राबवायच्या). त्यांत निकष सरकारचे, लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) सरकारचं, जिल्हा परिषद फक्त राबवणारी यंत्रणा. रस्ते, शाळाखोल्या, जनसुविधा यांचा बराच पैसा जिल्हा नियोजन समितीकडून येतो. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात.

सभागृह खऱ्या अर्थाने ठरवतं ते स्वनिधीचं, म्हणजे बोलीभाषेत ‘सेस’चं. मार्चमध्ये वर्तमानपत्रात ‘जिल्हा परिषदेचा अमुक कोटींचा अर्थसंकल्प मंजूर’ अशी बातमी येते, तो आकडा याच निधीचा. संदेशातला हजार कोटींचा आकडा पगार आणि सगळ्या योजना धरून असतो. दोन्ही आकडे खरे असले, तरी त्यांतला एकच समितीच्या अधिकारातला आहे.

स्वनिधी येतो कुठून? शेतसाऱ्यावरचा उपकर, पाणीपट्टीवरचा उपकर, ग्रामीण भागातल्या दस्तांवरच्या एक टक्का जादा मुद्रांक शुल्कातला निम्मा वाटा (उरलेला निम्मा ग्रामपंचायतींचा), इमारती-गाळ्यांची भाडी आणि बँकेतल्या ठेवींवरचं व्याज. शेतसाऱ्याचं गणित एकदा स्वतःच्या सातबाऱ्यावर करून पाहा. आकारणीच्या रकान्यात 4 रुपये 50 पैसे असतील, तर जिल्हा परिषदेचा उपकर त्याच्या सात पट, म्हणजे वर्षाला 31 रुपये 50 पैसे. आकारणीचे दर अनेक दशकं जुने आहेत. म्हणून शेती कितीही असली तरी या बाजूने उत्पन्न वाढत नाही. मुद्रांक शुल्काची बाजू मोठी ती पुण्यासारख्या, शहरालगत जमिनीचे व्यवहार जोरात असलेल्या जिल्ह्यांत. डोंगराळ किंवा आदिवासी जिल्ह्याला त्यातून फार काही मिळत नाही. शिवाय ही रक्कम राज्याकडून हप्त्याने येते आणि थकतेही. व्याजाची गोष्ट तर आणखी बदलली. 2021 पासून केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा एकाच नोडल (मध्यवर्ती) खात्यात ठेवण्याची पद्धत आली. त्यावरचं व्याज सरकारजमा होऊ लागलं आणि जिल्हा परिषदांचा एक जुना आधार आटला.

बरं, हा स्वनिधीही मोकळा नसतो. 20 टक्के मागासवर्गीय कल्याण, 10 टक्के महिला व बालकल्याण, 5 टक्के दिव्यांग, 20 टक्के ग्रामीण पाणीपुरवठ्याची देखभाल-दुरुस्ती, हे हिस्से आधी बाजूला काढावे लागतात. समजा, स्वनिधी 40 कोटी आहे. त्यातून 8, 4, 2 आणि पुन्हा 8 असे 22 कोटी बांधले गेले. उरलेल्या 18 कोटींत आधीच्या वर्षी मंजूर झालेल्या आणि अपूर्ण कामांचं दायित्व (द्यायची बाकी रक्कम), सदस्यांचं मानधन व प्रवासभत्ता, वाहनं, वीजबिलं, वकील फी, इमारत दुरुस्ती, आणि मग शिक्षण, कृषी, पशुसंवर्धन, आरोग्य यांच्या योजना बसवायच्या. अर्थ समितीत वाद होतो तो या उरलेल्या रकमेवरून.

‘भरती मुद्दाम अडवून ठेवतात.’

हा दावा सर्वांत जास्त पसरतो, आणि सर्वांत जास्त दिशाभूल करतो.

नियमित पद निर्माण करण्याचा अधिकार अर्थ समितीला नाही, सर्वसाधारण सभेलाही नाही. कोणत्या संवर्गात किती पदं, हे आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता) ठरवतो आणि त्याला मंजुरी राज्य सरकारची, वित्त विभागाच्या संमतीने. प्राथमिक शिक्षकांची पदं संचमान्यतेतून, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याच्या प्रक्रियेतून ठरतात. पटसंख्या पाहायची, पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक, असं मूळ सूत्र. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांचे निकष बदलले आणि त्यावर बराच वाद झाला. तो वाद जिल्हा परिषदेच्या सभागृहात मिटण्यासारखा नव्हताच. शिक्षक येतात ते अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल या राज्याच्या ऑनलाइन भरती व्यवस्थेवरून. आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. जिल्हा परिषदेच्या सरळसेवेत (थेट भरतीत) येतात ते आरोग्य सेवक, आरोग्य सेविका, औषध निर्माण अधिकारी, कनिष्ठ अभियंता, कनिष्ठ सहायक, विस्तार अधिकारी असे गट क मधले कर्मचारी.

पद मंजूर आणि रिक्त असलं तरी जाहिरात लगेच निघत नाही. आधी त्या संवर्गाची बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं याची नोंदवही, अद्ययावत करायची. नोंदवहीत प्रत्येक बिंदूवर कोणत्या प्रवर्गाचा कर्मचारी कधी लागला, कधी निवृत्त झाला, कोणाची जात वैधता झाली, हे एकेक ओळ जुळवायचं आणि विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायचं. एखाद्या कर्मचाऱ्याची आंतरजिल्हा बदली नोंदवायची राहिली की नामावली त्रुटीसह परत येते. 2024 मध्ये सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गासाठी 10 टक्के आरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा बिंदू पुन्हा मांडावे लागले. त्यानंतर सरळसेवा आणि पदोन्नतीचा कोटा वेगळा काढायचा, अनुकंपाची (सेवेत वारलेल्या कर्मचाऱ्यांच्या वारसांची) पदं राखायची, आणि वित्त विभागाने परवानगी दिलेल्या टक्केवारीत मागणी बसवायची.

मार्च 2019 मध्ये जाहीर झालेली गट क भरती अनेक वर्षं रखडून शेवटी रद्द झाली. त्यानंतर ऑगस्ट 2023 मध्ये राज्यातल्या 34 जिल्हा परिषदांसाठी मिळून 19,460 पदांची जाहिरात आली. त्यातही आरोग्य विभागाची रिक्त पदं 100 टक्के आणि इतर विभागांची 80 टक्केच भरायची मुभा होती. पेसा क्षेत्रातल्या (अनुसूचित आदिवासी भागातल्या) पदांचं घोडं न्यायालयीन प्रकरणामुळे अडलं. या एकाही टप्प्यावर अर्थ समितीची सही लागत नाही.

मग स्वनिधीतून शिक्षक नेमता येत नाहीत का? मानधनावर तात्पुरते नेमता येतात, आणि काही ठिकाणी तसे नेमलेही जातात. पण ते पद होत नाही आणि पुढच्या वर्षी तरतूद नसेल तर संपतं. हिशेब असा: महिना 20 हजार मानधन (2023 मध्ये निवृत्त शिक्षकांना तात्पुरतं घेताना सरकारने हाच दर ठेवला होता), 10 महिने, 100 शिक्षक, म्हणजे 2 कोटी. वरच्या उदाहरणातल्या 18 कोटींतून 2 कोटी काढणं अशक्य नाही. इथे मात्र प्रश्न थेट अर्थ समितीलाच विचारायला हवा: सभामंडप आणि पेव्हर ब्लॉकच्या आधी हे का नाही?

‘सदस्य पैसा वाटून घेतात.’

यात तथ्य आहे, पण अर्धं. स्वनिधीतला बांधकामाचा पैसा गटनिहाय समसमान वाटण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. त्यातून दोन-तीन लाखांची सुटी कामं निघतात: काँक्रीटचा तुकडा, हायमास्ट दिवा, संरक्षक भिंतीचा एक भाग. तीन लाखांत गळकी शाळाखोली नीट होत नाही. वाटपाचा हा प्रकार वाईटच आहे आणि त्यावर बोललं पाहिजे.

मात्र संदेश गेल्या काही वर्षांच्या रिकाम्या शाळांचं खापरही सदस्यांवर फोडतो. मार्च 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. त्या काळात सभागृहच नव्हतं. अर्थसंकल्प मांडला मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांनी आणि मंजूर केला प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी. निवडून आलेली मंडळी नसल्याने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा प्रत्येकी 10 टक्के वाटाही अडकला. त्या वर्षांची जबाबदारी सदस्यांवर टाकणं वस्तुस्थितीला धरून नाही.

‘31 मार्चला पैसा परत जातो.’

जिल्हा नियोजनचा निधी खर्च करायला इतर विभागांना एक वर्ष मिळतं, जिल्हा परिषदेला दोन. म्हणजे 2023-24 मध्ये कोषागारातून काढलेला निधी 31 मार्च 2025 पर्यंत वापरता येतो. मार्चअखेरची शिल्लक पाहून ‘एवढे कोटी परत गेले’ म्हणणं म्हणूनच चूक. त्यातला बराच पैसा त्याच महिन्यात, कधी शेवटच्या दोन दिवसांत, वितरण प्रणालीवर (निधी ऑनलाइन सोडण्याच्या सरकारी व्यवस्थेवर) आलेला असतो.

तरीही दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पैसा परत जातो, आणि त्याची कारणं नेमकी आहेत. नियतव्यय (वर्षासाठी ठरवून दिलेली रक्कम) कळल्यावर आधी जुन्या कामांचं दायित्व वजा करायचं, उरलेल्या रकमेच्या दीडपट नवी कामं घ्यायची, यादी, प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक. यात सर्वांत जास्त वेळ खातो तो यादीचा टप्पा. नियोजन समितीत नावं बदलत राहतात, मान्यता डिसेंबर-जानेवारीपर्यंत लांबते, मग आचारसंहिता लागते. 2022 मध्ये सरकार बदलल्यावर नियोजनच्या नव्या कामांना स्थगिती मिळाली, ते महिनेही मुदतीतूनच गेले. दुसरं कारण जागेचं. यादीत काम आहे, पण शाळेच्या जागेचा उतारा दुसऱ्याच्या नावावर.

स्वनिधीचा पैसा सरकारला परत जात नाही, तो पुढच्या वर्षाच्या आरंभीच्या शिलकेत येतो. तो अखर्चित राहतो ते बहुतेक वैयक्तिक लाभाच्या योजनांत. 5 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयानंतर शिलाई यंत्र, सायकल, ताडपत्री अशा वस्तू न वाटता लाभार्थ्याने आधी विकत घ्यायच्या आणि नंतर पैसे खात्यात, अशी पद्धत आली. गैरव्यवहार रोखायला ती चांगलीच. पण ज्या बाईकडे आधी भरायला आठ-दहा हजार नाहीत ती यादीत नाव येऊनही खरेदी करत नाही, पावती जमा होत नाही, तरतूद पडून राहते. लाभार्थी यादी जुलैत अंतिम झाली तर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाला संधी देता येते. जानेवारीत झाली तर नाही.

‘शिलकी अर्थसंकल्प म्हणजे पैसा दाबून ठेवला.’

जिल्हा परिषदेला तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही. अखेरची शिलकीची रक्कम बहुधा किरकोळ असते. तिच्यावर चर्चा करून काही हाती लागत नाही.

बघायचं ते दुसरीकडे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचं मूळ आणि सुधारित अंदाजपत्रक, आणि पुढच्या वर्षाची तरतूद असे रकाने असतात. ते आडवे वाचा. ‘शाळा दुरुस्ती’ला मूळ 50 लाख, सुधारित 15 लाख आणि पुढच्या वर्षी पुन्हा 50 लाख दिसले, तर उरलेले 35 लाख पुनर्विनियोजनाने (एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवून) कुठे गेले हे विचारा. एखाद्या योजनेपुढे फक्त एक हजार रुपये असतील, तर ती टोकन तरतूद: लेखाशीर्ष उघडं ठेवलंय, योजना होणार नाही.

विचारायची वेळही महत्त्वाची. कलम 137 प्रमाणे अर्थसंकल्प 27 मार्चच्या आत मंजूर व्हावा लागतो. खातेप्रमुखांकडून मागण्या साधारण डिसेंबर-जानेवारीत जातात, विषय समित्यांत फेब्रुवारीपर्यंत चर्चा होते, मग अर्थ समिती आणि शेवटी सभा. मार्चच्या सभेच्या दिवशी दिलेल्या निवेदनाने आकडा बदलत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव, खोल्यांचे फोटो आणि जागेचा उतारा जोडून नोव्हेंबरात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिला, तर तो मागणीपत्रकात जाऊ शकतो. शिक्षकांच्या रिक्त पदांसाठी मात्र शिक्षणाधिकाऱ्यांकडून शाळेची संचमान्यतेची प्रत घ्या. त्यात मंजूर पद असून माणूस नसेल, तर मागणी भरतीची किंवा समायोजनाची (दुसऱ्या शाळेतला जादा शिक्षक इकडे आणण्याची). मंजूर पदच नसेल, तर ती मागणी आमदारांमार्फत शालेय शिक्षण विभागाकडे.