क्लबात नाचायला जाताय? थोडं हिताचं ऐका

भाच्याला पंचवीस पूर्ण झाली. महाराष्ट्रात माणूस अठराव्या वर्षी आमदार निवडतो, एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढतो आणि बिअरही पितो, पण व्हिस्कीची अक्कल त्याला पंचविशीनंतरच येते असा आपला कायदा आहे. त्यामुळे हा वाढदिवस आमच्याकडे मुंजीच्या थाटात झाला. "मामा, या वेळी तुमच्या त्या परमिट रूममध्ये नाही हं, प्रॉपर क्लबला जायचं," असं चिरंजीवांनी जाहीर केलं. गेल्या शनिवारी गेलो. लोअर परळ, जुन्या गिरणीचं आवार, वरची गच्ची. तेव्हापासून डोकं ठणकतंय, आणि ते दारूनं नव्हे. माझ्या खर्चानं तुमचं भलं व्हावं म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पुरुष असाल तर नुसत्या पुरुषांबरोबर जाऊ नका. याला स्टॅग म्हणतात आणि तो गुन्हा आहे. मामा, भाचा आणि भाच्याचे दोन मित्र मिळून एकही कपल होत नाही, हे बाउन्सरनं आम्हाला वहीत बघून सांगितलं. मग तो बाजूला जाऊन कानातल्या यंत्राशी काहीतरी बोलला आणि गुन्हा माणशी तीन हजारांत माफ झाला. त्यातले दोन हजार 'रिडीमेबल', म्हणजे आत खाण्यापिण्यात वळते होणारे. उरलेले हजार कशाचे, असं विचारायचं नसतं. आमच्या मागच्या चार मुली मात्र फुकट आत गेल्या. त्यांना फुकट का सोडतात हे क्लबवाल्याला कळतं, आपल्याला कळतं आणि त्यांनाही कळतं.

चपला घालून जाऊ नका. कोल्हापुरी तर नाहीच नाही; ती फक्त आतल्या भिंतीवर डेकोर म्हणून चालते.

दारूचा परवाना काढा. एका दिवसाचा ५ रुपयांना मिळतो आणि साडेआठशेच्या कॉकटेलशेजारी ठेवला की फोटोत छान दिसतो.

जुन्या आठवणी काढू नका. ही सवय फार वाईट. चर्चगेटच्या रस्त्यावर एके काळी हॉटेलाहॉटेलांतून जॅझ बँड वाजायचे, अ‍ॅस्टोरियाच्या 'व्हेनिस'मध्ये लोक नुसतं ऐकायला जायचे, गोव्याचा चिक चॉकलेट नावाचा वादक रात्री ताजमध्ये ट्रम्पेट फुंकायचा आणि दिवसा सी. रामचंद्रांच्या रेकॉर्डिंगला उभा राहायचा, आणि हे सगळं दारूबंदीच्या राज्यात, हे कुणाला सांगून काय उपयोग? ऐंशीच्या दशकात मरीन ड्राइव्हला 'स्टुडिओ २९' होतं, तिथं मेंबर असल्याशिवाय दार उघडत नव्हतं. आमच्यासारख्यांना नव्वदीत जुहूचं 'रॅझबेरी ऱ्हायनॉसरस' सापडलं, तिथं घामट टी-शर्टातली पोरं रॉक वाजवायची आणि आम्ही एका बिअरवर तीन तास मान हलवायचो. मग २००७ साली मथुरादास मिलमध्ये 'ब्लू फ्रॉग' आलं. स्टेजभोवती गोल गोल बैठकी, समोर जिवंत वाद्यं. तिकीट काढून लोक गाणं ऐकायला यायचे, बाटली दाखवायला नव्हे. २०१६ मध्ये तेही मिटलं.

गिरणीचाही विषय काढू नका. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, बरेचसे परत आत आलेच नाहीत. आता तिथल्या चिमणीखाली 'इंडस्ट्रियल लूक' असतो आणि उघड्या विटांचे वेगळे पैसे घेतात. गिरणगावात रातपाळी पूर्वीही होती. तेव्हा आत जायचे पैसे मिळायचे, आता द्यावे लागतात, एवढाच काय तो फरक.

पोलीस आले तर गडबडू नका. २०१२ मध्ये मुंबई पोलिसांचे एसीपी ढोबळे हॉकी स्टिक घेऊन पबमध्ये शिरायचे तेव्हाही संस्कृती वाचली, आजही वाचेल. आणि नाचण्यातलं पाप हॉटेलाच्या ताऱ्यांवर ठरतं, हे तर सरकारनंच शिकवलंय: २००५ साली डान्स बार बंद केले ते तीन ताऱ्यांच्या खालचे, वरच्यांना मोकळीक. सुप्रीम कोर्टाला हे पटायला नको होतं आणि २०१३ मध्ये पटलंही नाही.

नाचायची जागा शोधू नका. जिथं डान्स फ्लोअर होता तिथं आता टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबलाला 'मिनिमम', म्हणजे किमान इतकं बिल व्हायलाच हवं असा आकडा आहे. डीजे एक गाणं अर्ध्या मिनिटाच्या वर वाजवत नाही, कारण रील तेवढीच असते. लोक नाचतात तेही मोबाइल वर धरलेला असेल तेवढाच वेळ. एक मुलगी मैत्रिणीला "परत हस, परत हस" म्हणत होती. मैत्रीण तीनदा हसली आणि खाली बसून ईमेल बघू लागली.

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, असं केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं २०२२ मध्ये सांगितलं. बिलाच्या मशीनला अजून कळलेलं नाही. तुम्ही समजावून सांगा, मी तोवर गाडी आणून देणाऱ्या वॉलेच्या रांगेत थांबतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाटली मागवाल तर फुलबाज्यांसकट मागवा. तिला स्पार्कलर म्हणायचं. दिवे मंद होतात, दोघं-तिघं वेटर डोक्यावर बाटल्या धरून येतात, बाटलीच्या मानेवर फूटभर उंच ठिणग्या, आणि सगळा क्लब माना वर करून शूटिंग करतो. मीही मान वर केली. वर बांबूचा मांडव आणि त्यावर प्लॅस्टिकच्या वेली, जांभळ्या फुलांचे घोस थेट डोक्यापर्यंत लोंबणारे. आमच्या शेजारच्या टेबलावर ठिणगी उडाली आणि एक पान आकसलं. कड काळी झाली, आत वळली. वेटरनं ते पान दोन बोटांत चिमटून विझवलं, बोटं ॲप्रनला पुसली आणि "हॅपी बर्थडे" म्हणत पुढे गेला. सवयीचं काम होतं त्याचं.

मी त्याला विचारलं, बाहेर पडायचं दुसरं दार कुठंय? तो म्हणाला, "वॉशरूम तिकडे, सर." वॉशरूम नव्हे, दार. मग पडद्यामागं हिरवी पाटी दिसली. पाटी झकास पेटलेली होती. तिच्याखाली सोड्याचे क्रेट रचलेले, एक मोडका सोफा उभा करून ठेवलेला आणि दाराला कुलूप. चावी? कॅप्टनकडे. कॅप्टन? "आज गर्दी आहे ना सर, नंतर दाखवतो." नंतर म्हणजे कधी? जळायला लागल्यावर?

कमला मिल तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे हो. २९ डिसेंबर २०१७, मध्यरात्र उलटली होती, अशीच गच्ची, असंच छत. आग लागली आणि १४ माणसं गेली. त्यातली बरीचशी स्वच्छतागृहात आसऱ्याला शिरली आणि धुरानं गुदमरली. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याचं नाव पुढं आलं. दुसऱ्या दिवशी महापालिकेनं शहरभर हातोडा चालवला, पुढाऱ्यांनी भेटी दिल्या, आणि काही महिन्यांत आपण सगळे परत रांगेत. २०२५ च्या डिसेंबरात गोव्यात हडफड्याला क्लब पेटला, २५ माणसं मेली. त्यातले बहुतेक तिथं राबणारे होते, गिऱ्हाइकं नव्हेत. तुमच्या टेबलावर फुलबाजी घेऊन येणारा पोरगा आणि मागं कांदा चिरणारा, तेच आधी मरतात, कारण त्यांच्या वाटेवर तुमचे क्रेट रचलेले असतात.

मी जरा आवाज चढवला तेव्हा शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "अंकल, व्हाइब खराब करू नका ना." केक तसाच ठेवून आम्ही निघालो. भाचा अजून माझ्याशी बोलत नाही.

न बोलू दे. मला राग क्लबवाल्याचा नाही, तो धंदा करतोय आणि हप्ता देतोय. इन्स्पेक्शनला येऊन कुलूप न दिसणाऱ्यांचाही आता राग येत नाही. राग तुमचा येतो. गेस्ट लिस्टवर नाव नाही म्हणून दाराशी अर्धा तास हुज्जत घालता. पिझ्झा गार आला म्हणून एक तारा देता. माणशी पाच-सहा हजार मोजता आणि त्यात मागचं दार उघडतं का, एवढं विचारायची तुम्हाला लाज वाटते! शिकलेली माणसं ना तुम्ही? ऑफिसात फायर ड्रिलला गळ्यात शिट्टी अडकवून जिने उतरता आणि शनिवारी कुलूपबंद गच्चीवर प्लॅस्टिकच्या फुलांखाली फुलबाज्या पेटवून घेता, त्याचे वर पैसेही देता.

पुढच्या शनिवारी जाणारच आहात. जा. पण आत शिरलात की सेल्फी काढायच्या आधी ते दार स्वतः ढकलून बघा. उघडलं नाही तर पैसे परत मागा, मॅनेजरला बोलवा, नाही ऐकलं तर तिथूनच अग्निशमन दलाच्या १०१ ला फोन लावा. आणि शेजारचा एखादा अंकल आधीच विचारत असेल, तर त्याला व्हाइब शिकवू नका, गाढवांनो. त्याच्याबरोबर उठा आणि क्रेट हलवायला लागा.